उजीजीचा आंबा आणि नाशिकची मुले

टांझानियातील किगोमा हे टांगानिका सरोवराच्या काठचे बंदर. चिंपांझींसाठी राखलेल्या उत्तरेच्या गोंबे आणि दक्षिणेच्या महाले अरण्यांकडे निघालेले प्रवासी येथे होडीत बसतात. त्यांतील काहीजण वाट वाकडी करून जवळच्या उजीजी गावी जातात व आंब्याच्या झाडांखालचे एक स्मारक पाहून परततात. वार्ताहर स्टॅन्ले याला १८७१ साली डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन सापडला तो येथेच. या भेटीची कथा सर्वश्रुत आहे. परंतु लिव्हिंग्स्टनच्या चरित्राचा एक धागा महाराष्ट्रातून गेला आहे, याची आठवण आपल्याकडेही क्वचितच निघते.

स्कॉटलंडमधील ब्लँटायर येथे १८१३ मध्ये जन्मलेला हा मुलगा दहाव्या वर्षी सूतगिरणीत कामाला लागला. खामगावच्या जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने पाहिलेल्या वाचकास ते जिणे निराळे समजावून सांगावयास नको. गिरणीतच पुस्तके वाचीत तो वैद्यक शिकला, १८४१ मध्ये मिशनरी म्हणून दक्षिण आफ्रिकेत पोहोचला आणि पुढे तो खंड त्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडला.

१८६४ मध्ये ‘लेडी न्यासा’ ही लहानशी आगबोट स्वतः चालवीत तो झांजीबारहून मुंबईस आला. कापसाच्या तेजीमुळे मुंबईत तेव्हा सट्टा माजला होता. पुढे बोट विकून आलेली रक्कम त्याने ज्या बँकेत ठेवली, ती बँकच बुडाली! त्याच्यासोबत आलेला चुमा हा मुलगा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत राहिला. नाशिकजवळ शरणपूर येथे मिशनची एक शाळा होती. गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकी मुले तेथे शिकत आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हुन्नर आत्मसात करीत. त्यांतील नऊजणांना घेऊन १८६६ च्या जानेवारीत लिव्हिंग्स्टनने मुंबई सोडली.

तो साधुपुरुष होता असे मानण्याचे कारण नाही. या मुलांविषयी त्याने कठोर शब्द लिहिले आहेत. गुलामांच्या व्यापाराचा तो शत्रू, पण आजारपणात त्याला त्याच व्यापाऱ्यांचा आश्रय घ्यावा लागला. जुलै १८७१ मध्ये न्यांग्वेच्या बाजारात त्यांच्या माणसांनी शेकडो लोकांना गोळ्या घातलेल्या पाहून मात्र तो खचला व उजीजीस परतला. तेथे त्याच्यासाठी आलेले सामान लुटले गेले होते. अशा निष्कांचन अवस्थेत स्टॅन्लेने त्याला गाठले.

स्टॅन्लेने परतताना जी नवी माणसे पाठविली, त्यांत नाशिकचा जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातील चितांबो गावी लिव्हिंग्स्टन वारला. चुमा, सुसी व त्यांच्या सोबत्यांनी त्याचे हृदय तेथे पुरले आणि देह उन्हात वाळविला. जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली, झाडाच्या खोडावर मृताचे नाव कोरले. मग ही मंडळी तो देह वाहून नऊ महिन्यांनी समुद्रकिनारी पोहोचली. वाटेत पुरून मोकळे होण्याचा सल्ला एका गोऱ्या अधिकाऱ्याने दिला, तो त्यांनी मानला नाही.

१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले. शववाहकांत जेकब होता. चुमा व सुसी यांना इंग्लंडला पोहोचेपर्यंत फार उशीर झाला. तेथील शिलेवर देह आणणाऱ्या एकनिष्ठ हातांचा उल्लेख आहे, नावे नाहीत. जेकब आफ्रिकेत परतला आणि उजीजीकडे जाणाऱ्या मुलखातील उरांबो येथे १८९२ मध्ये मरण पावला.