मिठाची पिशवी आणि डॉ. भिसे

भंडारा, तुमसर किंवा साकोलीच्या किराणा दुकानातली मिठाची एक किलोची पिशवी पाहा. मीठ यंत्राने तोलून भरलेले असते. पिशवीवर तारीख आणि बॅच नंबर यंत्राने छापलेला असतो. आतल्या मिठात आयोडीन असते. माल तोलणे, अक्षरे छापणे आणि आयोडीन या तिन्ही विषयांचा ध्यास घेतलेला एक मराठी माणूस शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. त्यांचे नाव डॉ. शंकर आबाजी भिसे. ते वैद्यकीय डॉक्टर नव्हते. ते संशोधक होते, आणि लोक त्यांना भारताचे एडिसन म्हणत.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. यंत्रांचा नाद लहानपणापासूनचा. सरकारी कचेरीत नोकरी करता करता त्यांनी मुंबईत सायंटिफिक क्लब काढला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली. पीठ, साखर असा भुकटीचा माल आपोआप तोलून देणारे यंत्र हवे होते. त्या काळी दुकानदार हाताने तोलून कागदाच्या पुड्या बांधत. स्पर्धेत भिसे यांच्या आराखड्याला बक्षीस मिळाले आणि ते इंग्लंडला गेले. तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला, पैसाही उभा केला.

लंडनमध्ये त्यांनी छपाईचा प्रश्न हाती घेतला. त्या वेळी पुस्तक किंवा वर्तमानपत्र छापायचे तर शिसे, अँटिमनी आणि कथील वितळवून अक्षरांचे खिळे ओतावे लागत. हे काम वेळखाऊ होते, शिवाय शिशाची विषबाधा हा त्या धंद्यातला नेहमीचा आजार होता. भिसे यांनी खिळे झपाट्याने ओतणारे भिसोटाइप यंत्र तयार केले. यंत्र चालत होते, पण कारखाना उभारायला भांडवल मिळेना. जवळचे पैसे संपले आणि १९०८ च्या अखेरीस त्यांना मुंबईला परतावे लागले. नामदार गोखल्यांच्या मध्यस्थीने रतन टाटांची मदत मिळाली आणि टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट स्थापन झाले. पुढे महायुद्ध सुरू झाले आणि तोही डाव विस्कटला. १९१६ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी न्यूयॉर्क गाठले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिथेही खिळे ओतण्याच्या यंत्राचा पाठपुरावा त्यांनी सोडला नाही.

आज पिशवीवरची तारीख छापायला खिळा लागत नाही. इंकजेट यंत्रात केसाइतक्या बारीक छिद्रातून शाईची धार सुटते आणि तिचे थेंब होतात. ठरावीक थेंबांना विद्युतभार देऊन वळवले की पळत्या पिशवीवर आकडे उमटतात. रंगीत चित्र मात्र बहुधा कोरलेल्या रोळांनी छापतात. प्रत्येक रंगाला वेगळा रोळ लागतो, त्यामुळे माल थोडा असेल तर खर्च परवडत नाही. डिजिटल इंकजेटमध्ये रोळच नसल्याने लहान गिरणीवाला किंवा बचत गटही मोजक्या पिशव्या छापून घेऊ शकतो. अडचण अशी की प्लॅस्टिक कागदासारखी शाई शोषत नाही. शाई उष्णतेने किंवा अतिनील किरणांनी पक्की करावी लागते, आणि ती आतल्या अन्नात उतरणार नाही याची खबरदारी घ्यावी लागते.

भिसे यांचे तिसरे काम आयोडीनचे. एका आजारपणात घेतलेल्या औषधाने त्यांना गुण आला. त्या औषधाचे पृथक्करण करून घेतल्यावर त्यात आयोडीन निघाले. त्यातून पुढे त्यांनी अ‍ॅटोमिडीन हे औषध अमेरिकेत बाजारात आणले. ते अनेक रोगांवर चालते असे सांगितले जाई. आजच्या कसोटीवर त्या दाव्यांना आधार नाही. स्वतःला गुण आला एवढ्यावरून औषध सिद्ध होत नाही, त्यासाठी अनेक रुग्णांवर काटेकोर चाचणी लागते. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये भिसे यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर सुमारे दोनशे शोध सांगितले जातात, पण त्यांतून मोठा उद्योग उभा राहिला नाही.

आयोडीनचे खरे मोल त्यांच्या पश्चात आपल्या देशात मिठातून घरोघरी पोहोचले. प्रौढ माणसाला रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. ते कमी पडले तर गलगंड होतो, आणि गर्भवतीला कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे, असा नियम आहे. दमट हवेत आणि उघड्यावर आयोडीन उडून जाते, म्हणून पिशवी बंद हवी आणि ती कधी भरली ते कळायला हवे. मीठ घेताना हसऱ्या सूर्याचे चिन्ह आणि छापील तारीख पाहावी. अक्षर पुसट असेल तर दुसरी पिशवी मागावी. घरी मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवावे आणि भाजीत शेवटी घालावे.