पायांना आराम देणारी आमदारीण

मैत्रिणींनो, ज्या निवडणुकीत नवरा हरला, तीच निवडणूक बायकोने जिंकली! डॉ. मार्था ह्यूज कॅनन हिच्याबद्दल वाचलं आणि मला तिचं फार अप्रूप वाटलं.

वेल्समध्ये १८५७ साली जन्मलेली मार्था १८६१ मध्ये मॉर्मन आईवडिलांबरोबर अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटी मुलखात आली. वाटेत धाकटी बहीण गेली, पोचल्यावर काही दिवसांतच वडीलही गेले. मोठी झाल्यावर छापखान्यात खिळे जुळवून तिने शिक्षणासाठी पैसे साठवले नि १८८० मध्ये ती डॉक्टर झाली. १८८४ मध्ये ती अँगस कॅननची चौथी बायको झाली. अशी लग्नं कायद्याने गुन्हा! नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यावी लागू नये, म्हणून तान्ह्या लेकीला घेऊन तिने देश सोडला.

परतल्यावर पुन्हा दवाखाना सुरू केला. १८९६ मध्ये राज्याच्या सिनेटसाठी ती एका पक्षाकडून, तर नवरा दुसऱ्या पक्षाकडून उभा होता. ती निवडून आली. कुठल्याही राज्याच्या सिनेटमध्ये बसलेली अमेरिकेतली ती पहिली स्त्री. राज्याचं आरोग्य मंडळ तिच्याच प्रयत्नांतून उभं राहिलं.

पण मला भावला तो तिचा दुसरा कायदा. दुकानात दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलींना मालकाने बसायला स्टूल द्यायलाच हवं, असा. पाय दुखतात हेसुद्धा सरकारने ऐकायचं दुखणं आहे, हे एका बाईलाच सुचलं!