पापा मियाँ

अलीगढचे शेख अब्दुल्ला यांना लोक प्रेमाने ‘पापा मियाँ’ म्हणत. त्यांचा जन्म १८७४ साली काश्मीरमधील पूंछ भागात झाला. शिक्षणासाठी ते अलीगढला आले आणि पुढे वकील झाले.

त्या काळी मुलींना शाळेत पाठवण्यास लोक तयार नसत. शेख अब्दुल्ला व त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांना हे पटत नसे. १९०४ साली त्यांनी स्त्रियांसाठी ‘खातून’ हे उर्दू मासिक काढले. १९०६ साली अलीगढमध्ये मुलींची शाळा सुरू केली. अनेकांनी विरोध केला, पण ते दोघे डगमगले नाहीत. मुली पडदा लावलेल्या डोलीतून शाळेत येऊ लागल्या.

बाहेरगावच्या मुलींसाठी १९१४ साली वसतिगृह सुरू झाले. मुलीला परगावी कसे ठेवावे, अशी आईवडिलांना काळजी वाटे. म्हणून वहीद जहाँ बेगम यांनी वसतिगृहाची देखरेख स्वतः केली. मुली त्यांना ‘आला बी’ म्हणत. आला बींच्या भरवशावर दूरदूरच्या मुली शिकायला आल्या.

हळूहळू शाळेचे महाविद्यालय झाले. १९३७ साली तेथे पदवीचे वर्ग सुरू झाले. पापा मियाँची कन्या रशीद जहाँ डॉक्टर व लेखिका झाल्या. दुसरी कन्या मुमताज जहाँ याच महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या.

१९६४ साली पापा मियाँना ‘पद्मभूषण’ मिळाले. १९६५ साली ते वारले. एकेकाळी डोलीतून शाळेत येणाऱ्या मुली शिकून मोठ्या झाल्या आणि त्यांनीच पुढच्या मुलींना वाट दाखवली. हीच पापा मियाँ आणि आला बी यांची खरी कमाई होय.