शैलेंद्र यांचं अर्धं राहिलेलं गाणं कोणी पूर्ण केलं?

रावळपिंडीत १९२३ मध्ये जन्मलेले गीतकार शैलेंद्र माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला होते. राज कपूर यांनी सिनेमासाठी कविता मागितली, तेव्हा कविता विकायची नाही म्हणून त्यांनी साफ नकार दिला. पुढे संसाराला पैशांची निकड लागली आणि ते स्वतःच राज कपूर यांच्याकडे गेले. ‘बरसात’ची दोन गाणी पाचशे रुपयांत ठरली.

निर्माता म्हणून मात्र ‘तीसरी कसम’नं त्यांना कर्जात बुडवलं. शेवट गोड करा, हा आग्रह त्यांनी मानला नाही. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण तो पाहायला ते नव्हते. १४ डिसेंबर १९६६ रोजी, नेमके राज कपूर यांच्या वाढदिवशी ते गेले. वय अवघं ४३.

‘जीना यहाँ मरना यहाँ’चा मुखडा तेवढा लिहून झाला होता. अंतरे मुलगा शैली शैलेंद्र यांनी लिहिले.