स्टीफन बॅबकॉक : फॅटच्या आकड्यापलीकडे

गावातल्या दूध संकलन केंद्रावर दुधाला किती फॅट लागली, यावर शेतकऱ्याचा दर ठरतो. फॅट मोजून दुधाचे पैसे देण्याची रीत जगभर रुजवण्यात मोठा वाटा होता तो अमेरिकेतील कृषी रसायनशास्त्रज्ञ स्टीफन बॅबकॉक यांचा. मात्र आकडा शोधणाऱ्या याच माणसाने पुढे आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नये, हेही दाखवून दिले.

बॅबकॉक यांचा जन्म १८४३ साली न्यूयॉर्क राज्यातील ब्रिजवॉटर येथे झाला. जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठातून १८७९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि मायदेशी परतून ते जिनिव्हा येथील कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले. खाद्यातील प्रथिने, स्निग्धांश आणि पिष्टमय पदार्थ मोजले की त्याची किंमत कळली, अशी तेव्हाची समजूत होती. बॅबकॉक यांनी गाईचे खाद्य आणि तिचे शेण, दोन्ही तपासले. दोहोंचे आकडे बरेच मिळतेजुळते निघाले. शेणावर गाय जगत नाही हे उघड होते. मग या मोजणीतून काहीतरी निसटत होते. ही शंका त्यांच्या मनात कायमची बसली.

पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात असताना १८९० मध्ये त्यांनी फॅट तपासणीची सोपी पद्धत जाहीर केली. दुधात सल्फ्युरिक आम्ल घालायचे, बाटली यंत्रात गरगर फिरवायची, गरम पाणी घालून वर आलेली फॅट बाटलीच्या मानेवरील खुणांवर वाचायची. तोवर दूध वजनावर विकले जाई. त्यामुळे पाणी घालणारा आणि साय काढून घेणारा फायद्यात राही, तर कसदार दूध घालणारा तोट्यात. या पद्धतीचे पेटंट बॅबकॉक यांनी घेतले नाही.

खाद्याची शंका मात्र तशीच होती. जनावरे दगावतील या भीतीने मोठ्या प्रयोगाला परवानगी मिळेना. अखेर १९०७ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सुरू केला. सोळा कालवडींचे चार गट केले. एकाला फक्त मक्यापासूनचे खाद्य, दुसऱ्याला गव्हाचे, तिसऱ्याला ओटचे आणि चौथ्याला तिन्हींचे मिश्रण. पृथक्करणाच्या आकड्यांनुसार चारही खाद्ये सारखीच होती. प्रत्यक्षात मक्यावरच्या कालवडी तुकतुकीत राहिल्या आणि त्यांना सशक्त वासरे झाली. गव्हावरच्या खंगल्या. त्यांची वासरे मेलेली जन्मली किंवा जन्मून लवकरच दगावली.

या कोड्याचा माग घेत त्याच विद्यापीठातील एल्मर मॅकॉलम यांनी उंदरांवर प्रयोग सुरू केले. १९१३ मध्ये मॅकॉलम आणि मार्गरिट डेव्हिस यांना लोण्याच्या स्निग्धांशात वाढीसाठी अत्यावश्यक असा घटक आढळला. तेच पुढे जीवनसत्त्व अ म्हणून ओळखले गेले. पिवळ्या मक्यातील कॅरोटिनपासून ते शरीरात तयार होते, हेही नंतर कळले. बॅबकॉक १९३१ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, मॅडिसन येथे वारले.

त्यांचा धडा आजही गोठ्यात लागू पडतो. गाय व्यायल्यावर दूध झपाट्याने वाढते, पण तिची भूक त्या वेगाने वाढत नाही. ऊर्जेची तूट ती अंगावरची चरबी झिजवून भरते. ही झीज फार झाली की गाय किटोसिसने आजारी पडते, पुन्हा गाभण राहायलाही उशीर होतो. म्हणून या काळात खाद्यातून फॅट दिली जाते. मात्र तेल आणि बायपास फॅट यांत स्निग्धांश असला, तरी परिणाम सारखा नसतो. मोकळे तेल जास्त झाले तर कोठीपोटातील चारा पचवणारे जिवाणू मंदावतात, गाय चारा कमी खाते आणि दुधाची फॅटही घटते. बायपास फॅट मात्र कोठीपोटात फारशी न विरघळता पुढे जाऊन पचते. तीही बेताने द्यावी लागते. एकूण आहारातील फॅट शुष्क भागाच्या सहा ते सात टक्क्यांपुढे नेऊ नये, असे मानले जाते. प्रमाण पशुवैद्यकाला विचारून ठरवावे आणि पोत्यावरच्या आकड्याबरोबर गाईचा चारा, रवंथ आणि शेण यांवरही रोज नजर ठेवावी.