अळंब्यांचा उपासक : माइल्स बर्कली

पावसाळा चांगला लागला म्हणजे आपल्याकडे रानात, बांधांवर, कुजलेल्या ओंडक्यांवर आणि वारुळांच्या आसपास अळंबी उगवतात. काल जेथे नुसती माती होती, तेथे आज पांढऱ्याशुभ्र छत्र्यांचा मेळा भरलेला दिसतो. पण हे वैभव मोठे अल्पायुषी! एक-दोन दिवसांत छत्री काळवंडते, तिला किडे लागतात आणि ती मातीस मिळते. अशा क्षणभंगुर वस्तूचे शास्त्र कसे व्हावे? शंख पेटीत ठेवता येतो, पान वहीत दाबून ठेवता येते; परंतु अळंबे वाळले म्हणजे त्याचा रंग उडतो, वास जातो आणि आकार आक्रसतो. हजारो कोसांवरून आलेले असे सुरकुतलेले तुकडे हाती घेऊन ज्यांनी त्यांची ओळख पटविली, त्या थोर अभ्यासकांचे नाव माइल्स जोसेफ बर्कली.

बर्कली यांचा जन्म १ एप्रिल १८०३ रोजी इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यात, आउंडल या गावाजवळ झाला. रग्बी येथील विख्यात शाळेत आणि पुढे केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १८२५ साली पदवी घेतल्यावर त्यांनी ख्रिस्ती धर्मोपदेशकाचा पेशा पत्करला. निसर्गाच्या निरीक्षणाचा छंद त्यांना तरुणपणापासूनच होता. आरंभी त्यांचे लक्ष शंख-शिंपल्यांतील प्राण्यांकडे व समुद्रातील शेवाळांकडे होते. १८३३ साली ते किंग्ज क्लिफ या खेडेगावी राहावयास आले. जवळच्या दोन गावांतील चर्चची सेवा त्यांच्याकडे होती. उत्पन्न बेताचे आणि कुटुंब मोठे. म्हणून ते घरी विद्यार्थी ठेवून त्यांस शिकवीत. या साऱ्या व्यापातून जो वेळ उरे, तो त्यांनी अळंबी आणि बुरशी यांच्या अभ्यासास वाहिला. १८३६ साली इंग्लंडातील कवकांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या विषयातील जाणकार म्हणून त्यांचे नाव सर्वत्र झाले. तेव्हापासून देशोदेशींचे संग्राहक त्यांच्याकडे नमुने पाठवू लागले.

वाळलेल्या नमुन्याची ओळख कशी पटवितात, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रथम नुसत्या डोळ्यांना जे दिसते ते पाहावयाचे. छत्री सपाट की टोकदार, देठ मधोमध की एका बाजूस, देठाभोवती कडे आहे की नाही, छत्रीखालचे पातळ पडदे देठास चिकटलेले की सुटे, हे एकेक टिपून ठेवावयाचे. नंतर त्या पडद्याचा केसासारखा बारीक काप काढून तो पाण्याने भिजवावयाचा. वर्षानुवर्षे सुकलेला तो काप ओलाव्याने फुगतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली आपले अंतरंग उघडे करतो. त्यात दिसतात बीजाणू. पुष्कळ अळंब्यांचे बीजाणू एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतात. छत्रीचा आकार बदलतो, रंग उडतो. परंतु बीजाणूंचा आकार सहसा टिकून राहतो. म्हणून वाळलेल्या नमुन्याची पारख करताना त्यांचाच आधार मोठा. हे बीजाणू पडद्यांवरील सूक्ष्म दांडक्यांच्या टोकांवर, बहुधा चार-चार मिळून, कसे धरलेले असतात, याचे विवेचन बर्कली यांनी १८३८ साली केले होते. शेवटी हे सारे वर्णन आधीच्या ग्रंथांतील वर्णनांशी ताडून पाहावयाचे. ते कोठेच जुळले नाही, तरच नव्या जातीस नाव द्यावयाचे. यात घाई केली, तर एकाच अळंब्यास दोन नावे पडतात आणि पुढच्या अभ्यासकांचा गोंधळ उडतो.

चार्ल्स डार्विन हे ‘बीगल’ जहाजातून १८३१ ते १८३६ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या टिएरा डेल फ्यूगो या थंड प्रदेशात त्यांना झाडांच्या खोडांवर पिवळे, चेंडूसारखे गोल कवक आढळले. पिकल्यावर त्याच्या अंगावर मधाच्या पोळ्याप्रमाणे खळगे पडत. तेथील रहिवासी ते न शिजविताच खात. हे नमुने बर्कली यांच्याकडे आले. मद्यार्कात ठेवलेल्या कवकावरून त्याची रचना कळते. पण त्याची चव, ते कोठे उगवते आणि कोण खाते, या गोष्टी कशा कळाव्यात? त्या डार्विन यांनी टिपून ठेवल्या होत्या. नमुना आणि टिपणे यांची सांगड घालून बर्कली यांनी हे कवक अगदी नव्या वंशाचे असल्याचे ठरविले. १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी त्यास ‘सायटेरिया डार्विनी’ हे नाव दिले.

दुसरा नमुना आपल्या शेजारच्या देशातील आहे. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, पेरादेनिया येथील वनस्पतिउद्यानाचे प्रमुख जॉर्ज गार्डनर यांनी तेथील अळंबी गोळा करून इंग्लंडास पाठविली. त्यांतील एका जातीचा देठ मुळाप्रमाणे लांबत जाणारा होता. १८४७ साली बर्कली यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिच्या नावातच मुळाचा उल्लेख केला. बर्कली कधी सिलोनला गेले नव्हते. हा देठ जमिनीखालच्या वाळवीच्या वसाहतीपर्यंत जातो. वाळवी तेथे या कवकाची जणू शेतीच करते. १९४२ साली हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञांनी अशा अळंब्यांसाठी ‘टर्मिटोमायसिस’ हा स्वतंत्र वंश मानला. वंश बदलला, तरी बर्कली यांनी दिलेले जातीचे नाव तसेच राहिले. कोकणात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी, लोक आवडीने खातात ती अळंबी याच वंशातील होत. जोसेफ हूकर यांनी १८४८ ते १८५० या काळात सिक्कीम-हिमालयात जमविलेल्या अळंब्यांचे वर्णनही बर्कली यांनीच केले.

सूक्ष्मदर्शकाखालचे हे पाहणे म्हणजे केवळ विद्वानांचा विरंगुळा नव्हे. १८४५ साली युरोपात बटाट्याच्या पिकावर भयंकर रोग पडला. शेतेच्या शेते काही दिवसांत काळी पडून सडली. बटाट्यावरच जगणाऱ्या आयर्लंडात दुष्काळ पडला आणि सुमारे दहा लक्ष माणसे भूक व रोगराई यांना बळी पडली. अतिवृष्टीमुळे पीक सडते आणि सडलेल्या पानांवर मागाहून बुरशी येते, असे बहुतेक विद्वानांचे मत होते. बर्कली यांनी रोगट पाने बारकाईने तपासली. बुरशी हा रोगाचा परिणाम नसून तेच रोगाचे कारण आहे, असे त्यांनी १८४६ साली निर्भयपणे मांडले. ते पुष्कळांना पटले नाही. पुढे १८६१ साली जर्मन शास्त्रज्ञ डी बॅरी यांनी प्रयोगाने ते सिद्ध केले. तो सूक्ष्मजीव आज खऱ्या कवकांत गणला जात नाही; तथापि रोगाचे मूळ त्याच्यातच आहे, हा बर्कली यांचा निष्कर्ष खरा ठरला.

१८६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना पदक देऊन गौरविले. १८६८ साली ते सिबर्टॉफ्ट गावी धर्मोपदेशक म्हणून गेले. १८७९ साली त्यांनी आयुष्यभर जमविलेला आपला संग्रह, टिपणे व रेखाटने यांसह, क्यू येथील वनस्पतिउद्यानास देऊन टाकला. ३० जुलै १८८९ रोजी सिबर्टॉफ्ट येथेच त्यांचे देहावसान झाले.

त्यांचे नमुने मात्र अजून बोलतात. एखाद्या अळंब्याच्या नावाविषयी शंका आली, म्हणजे अभ्यासक मूळ नमुना मागवून पडताळून पाहतात. ज्याची पडताळणी करता येते, तेच शास्त्र होय. बर्कली यांना ठाऊक नसलेल्या साधनांनी आज वाळलेल्या तुकड्यातील आनुवंशिक द्रव्यही वाचता येते. क्यू व म्युनिक येथे जपून ठेवलेल्या, एकोणिसाव्या शतकातील बटाट्याच्या रोगट पानांवरून त्या रोगाचा नेमका प्रकार शास्त्रज्ञांनी २०१३ साली ओळखला.

मुलांनो, रानात अळंबे दिसले, तर ओळख पटल्यावाचून ते कधीही तोंडात घालू नका. काही अळंबी प्राणघातक असतात. परंतु ते पाहा अवश्य. ते कोठे उगवले, कोणत्या दिवशी दिसले, त्याचा रंग व वास कसा होता, हे वहीत टिपून ठेवा. ते अळंबे दोन दिवसांत नाहीसे होईल; तुमचे टिपण मात्र पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल.