उसाची गुणसूत्रं मोजणाऱ्या जानकी अम्माल

दिवाळी सरली की नंदुरबार, नवापूर आणि डांगच्या टोळ्या ऊसतोडीला बारडोलीकडे निघतात. तिथं ज्या उसावर कोयता चालतो, त्याचं कुळ कोइम्बतूरच्या ऊस पैदास केंद्राशी जुळतं. जातीच्या नावातलं ‘को’ म्हणजे कोइम्बतूरच. याच केंद्रात १९३४ ते १९३९ या काळात डॉ. जानकी अम्माल यांनी काम केलं.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ चा, केरळातल्या तलश्शेरीचा. वडील न्यायखात्यात होते. लग्नाऐवजी त्यांनी शिक्षणाची वाट धरली. मद्रासला शिकल्या, तिथंच शिकवलं, मग शिष्यवृत्तीवर अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेल्या. १९३१ मध्ये तिथूनच डॉक्टरेट घेतली.

मेंडेलनं वाटाण्यावरून दाखवलेला हिशेब सरळ आहे: निम्मा वाटा आईचा, निम्मा बापाचा. ऊस मात्र हा हिशेब मोडतो. गोड, जाड उसाची गुणसूत्रं ८०, तर कोइम्बतूरच्या रानटी उसाची ६४. म्हणजे संकरात ४० अधिक ३२, अशी ७२ यायला हवीत. पण १९१८ मध्ये आलेल्या ‘को २०५’ मध्ये निघाली ११२! आईनं निम्मी नाही, सगळीच्या सगळी ८० देऊन टाकली होती. हा अपवाद जावा बेटावर ब्रेमर या डच शास्त्रज्ञानं आधीच हेरला होता. शेतकऱ्याला त्याचा फायदाच झाला. आईची गोडी टिकली आणि बापाचा काटकपणाही आला.

अशा अवघड पिकाची गुणसूत्रं जानकी अम्माल सूक्ष्मदर्शकाखाली मोजत होत्या. उसाचा थेट मक्याशी संकरही त्यांनी करून दाखवला. पण अविवाहित बाई, त्यात मागास मानलेल्या जातीची. पुरुषांच्या त्या जगात वाट सोपी नव्हती. १९३९ मध्ये परिषदेसाठी त्या एडिंबरोला गेल्या, युद्ध पेटलं आणि इंग्लंडमध्येच राहिल्या. १९४५ मध्ये डार्लिंग्टन यांच्यासोबत त्यांनी लागवडीच्या वनस्पतींचा गुणसूत्रकोश काढला.

नेहरूंच्या बोलावण्यावरून १९५१ मध्ये त्या परतल्या आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची घडी बसवली. १९७७ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हातारपणी सायलेंट व्हॅलीचं जंगल वाचवायलाही उभ्या राहिल्या. १९८४ मध्ये त्यांचं निधन झालं.

ऊस बियाण्यानं नाही, टिपरीनं लावतात. त्यामुळे एकदा जमलेला संकर वर्षानुवर्षं तसाच राहतो. बारडोलीच्या मोळीत आजही तो जुना, नियमाबाहेरचा हिशेब बांधलेला असतो.